कोरफडीला आग्रह

हिंगोलीतल्या आमच्या कॉलनीत मधोमध एक मोकळा तुकडा आहे. तिथली हिरवळ दोन उन्हाळे टँकरवर जगली, तिसऱ्यात गेली. अध्यक्षकाकांनी तिथं सिमेंटचे ब्लॉक बसवायचं काढलं. मी बैठकीत उभी राहिले. म्हटलं, "एक उन्हाळा द्या. वरून थेंबभर पाणी न घालता बाग जगवून दाखवते."

"बघा ताई," काका म्हणाले, "मिरगापर्यंत जगलं तर तुमचं, मेलं तर ब्लॉक."

पावसाळ्यातच मी कोरफड, तरवड, कण्हेर आणि सदाफुली लावून टाकली. होळीनंतर वसमतकडच्या एका शेतातून हळदीचा वाळका पाला आणून बुडाशी जाड पसरला, ओल टिकावी म्हणून. शेजारीण गच्चीवरून ओरडली, "वैनी, बाग केली का खळं?"

एप्रिलात कोरफड पिवळी पडायला लागली. कोरफड उन्हानं मरत नाही, एवढं मला कळतं. एक उपटून पाहिली. मूळ कुजलेलं आणि खाली चिखल! नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं, आम्ही भांडी राखेनं घासत होतो, आणि माझ्या बागेत चिखल.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेताला मी कण्हेरीमागं जाऊन बसले. आधी शेजारीण आली. कळशी ओतली, इकडंतिकडं पाहिलं आणि सटकली. मग एक निवृत्त मास्तर बाटली घेऊन आले. प्रत्येक झाडाला औषधासारखं मोजून पाणी पाजून गेले. तिसऱ्या आल्या त्या माझ्याच सासूबाई, तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन. मी तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच.

"आत्याबाई! तुमीबी?"

त्या जराही दचकल्या नाहीत. "मग? लेकराला उपाशी ठेवतीस का असं?"

"त्याला पाणी नको असतंय."

"नको तर समदेच म्हणत्यात. आग्रह करावा लागतो."

मी पोट धरून खाली बसले. तेवढ्यात बनियन-लुंगीत अध्यक्षकाका आले, हातात बादली. मला पाहून ती पाठीमागं लपवायला गेले आणि अर्धी स्वतःच्या लुंगीवर सांडली.

"काका, मेलं तर ब्लॉक कोण म्हणालं होतं?"

"म्याच. ते बराबर हाय. पण डोळ्यादेखत कसं मरू द्यावं?"

आता आत्याबाईही हसायला लागल्या. मास्तर परत आले, शेजारीण गच्चीवरून उतरली. आम्ही सगळे त्या चिखलात उभे राहून हसत होतो, आणि माझी निम्मी कोरफड मरत होती.

समजावून उपयोग नव्हता. आमच्याकडं माणूस स्वतःच्या पिण्यातलं काढून झाडाला घालतो, त्याला 'घालू नको' सांगायचं कसं? त्याच आठवड्यात मी जवळा बाजार या गावातून चार कमी भाजलेले, पाझरणारे माठ आणले. कडेला कडुलिंबाची रोपं लावली आणि प्रत्येकाशेजारी एक माठ गळ्यापर्यंत पुरला. पाणी आतल्या आत झिरपतं, वाया जात नाही. सगळ्यांना बजावलं, "आग्रह करायचाय त्यानं माठात करा. कोरफडीजवळ दिसलात तर बादली माझी."

मिरग लागला तेव्हा तरवड, कण्हेर, सदाफुली, कडुलिंब सगळं जगलेलं होतं. कोरफड मात्र निम्मीच उरली होती. ब्लॉकवाला टेप घेऊन हजर. ठरल्याप्रमाणं मी हरले होते, म्हणून बाजूला सरले. काकांनी एक कुजलेला बुंधा पायानं हलवून पाहिला.

"ही मेली न्हाई," ते ब्लॉकवाल्याला म्हणाले, "आमी मारली. ही धरू नगा. बाकी समदं जित्तं हाय. जा तुमी."

तो गेला. मग मी जगलेल्या कोरफडीची पिलं काढून पाणी घालणाऱ्या चौघांच्या हातात दिली आणि लावायला बसवलं. काकांच्या बायकोनं गेटातून हाक मारली, "चहा आणू का?"

"आणा," मी म्हटलं, "पण पाण्याचा तांब्या आणू नका."