न देता आलेला पासवर्ड

घरात माझ्या थोरल्या बहिणीला सगळे खोडरबर म्हणतात. लहानपणी तिच्या पेन्सिलीआधी खोडरबर झिजायचं. आता कॉम्प्युटरवर काम करते, तरी जित्याची खोड ती जित्याची खोड. दिवसभर लिहिलेलं संध्याकाळी पुसते आणि वर खुशीत सांगते, "आज मस्त काम झालं, पुष्कळ काढून टाकलं." मी धाकटा पडलो, त्यामुळे तोंडावर ताईच म्हणतो.

ताईने चांगली नोकरी सोडली आणि जेवणाच्या टेबलावर बसून पासवर्डशिवाय लॉगिन करायचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तेही फुकट. सगळा कोड उघडा; ज्याला हवा त्याने वाचावा, न्यावा, सुधारावा. आईचा जीव खालीवर. "एक तर लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि वर कुलपाचा नकाशा चोरालाच दाखवायचा?"

"अगं आई, कुलूप कसं बनतं ते सगळ्या कुलूपवाल्यांना माहीत असतं. म्हणून आपलं दार उघडतं का कुणाला? किल्ली आपल्याकडे असते ना!"

ती किल्ली म्हणजे पासकी. पासवर्ड सांगता येतो, म्हणून माणूस तो चोरालाही सांगून बसतो. पासकी सांगताच येत नाही. ती मोबाइलमध्ये असते. आपण बोट टेकवलं की माणूस खरा असल्याचं मोबाइलच पटवून देतो आणि किल्ली आतच राहते. शिवाय ज्या दारासाठी बनली, त्याच दाराला ती लागते. हे मला कळायला बराच वेळ लागला. ताईने मला गाढव म्हणायला मात्र अजिबात वेळ लावला नाही.

मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो. आमच्याकडे पासवर्ड म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, कॉम्प्युटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेली. मीच अधीक्षकबाईंच्या मागे लागून ताईचं सॉफ्टवेअर चाचणीपुरतं लावून घेतलं. बाई म्हणाल्या, "चाललं तर ठेवू. नाही तर बैठकीत सगळ्यांसमोर काढून टाकू, मग रडायचं नाही." ताईनेही घरी शब्द दिला, की इथून हाकललं तर टेबल रिकामं करून जुन्या नोकरीवर परत जाईन. तेव्हापासून आईपेक्षा मलाच धडधडायला लागलं.

आणि सुरुवातीलाच घोडं पेंड खायला लागलं. सिस्टरांनी सोयीसाठी आपापल्या किल्ल्या वॉर्डातल्या सामाईक कॉम्प्युटरमध्येच ठेवल्या, आणि त्या कॉम्प्युटरचा पिन अख्ख्या वॉर्डाला तोंडपाठ. म्हणजे कुणीही कुणाच्याही नावाने आत! एकीने दिलेलं इंजेक्शन दुसरीच्या नावावर पडलं. ताई वॉर्डात स्टुलावर बसून हे बघत होती. तिने कपाळावर हात मारला; ती वाट तिनेच मोकळी ठेवली होती. तिने ही अडचण उघड लिहून टाकली, तर कुठल्या परमुलखातल्या, कधी न भेटलेल्या माणसाने दुरुस्ती लिहून पाठवली. सामाईक कॉम्प्युटरवर किल्ली ठेवूच द्यायची नाही. पडद्यावरचा क्यूआर कोडचा चौकोन आपल्या मोबाइलने स्कॅन करायचा, आणि मोबाइल तिथे जवळ असला तरच आत जाता येणार. आई म्हणाली, "या भाकऱ्या भाजायला आणखीही येतात वाटतं." तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक.

खरी खडाजंगी झाली ती पासवर्डवरून. अधीक्षकबाईंचं म्हणणं, "किल्ली असू दे, पण अडीनडीला पासवर्डही असू दे."

"नाही बाई," ताई म्हणाली. "पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं, काय उपयोग? मोबाइल हरवला तर प्रत्येकाची दुसरी किल्ली, ती पेनड्राइव्हसारखी छोटी, तुमच्या कपाटात आहेच."

आणि तिने आपल्या स्वभावाप्रमाणे पासवर्डचा रकाना साफ पुसून टाकला. बाईंनी मान फिरवली. मी मनात म्हटलं, झालं, आता टेबल रिकामं करायला मदतीला जावं लागणार.

बैठकीच्या दिवशी बाई तणतणतच आल्या. "चाचणी संपली. सकाळपासून मला आत जाता येत नाही! हे बघा." पाळ्यांचं नवं वेळापत्रक लागल्याची मेल आली होती. त्यातल्या दुव्यावरून उघडलेलं पान त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं. आपल्याच इस्पितळाचं पान, तेच रंग, तेच चिन्ह. बाईंनी मोबाइलवर बोट टेकवलं. मोबाइल म्हणाला, इथली किल्ली नाही. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. "आणि आता हे पासवर्ड मागतंय! मी कुठून देऊ? तुम्हीच काढून टाकलात ना?"

औषधालयातला माणूस म्हणाला, "माझंही तसंच झालं." वॉर्डातल्या दोघी सिस्टर म्हणाल्या, "आमचंही."

ताई उठली, पडद्याजवळ गेली आणि पानाचा पत्ता वाचू लागली. वाचता वाचता तिचा चेहरा उजळला.

"बाई, हे पान आपलं नाहीच. आपल्या नावापुढे भलतंच शेपूट लावलंय बघा. हे चोराचं पान आहे. आपलं पान पासवर्ड मागतच नाही."

बाईंनी पडद्याजवळ जाऊन पत्ता स्वतः वाचला. मग खाली बसल्या. "म्हणजे मी सकाळपासून चोराच्या दारात उभी राहून आत घ्या म्हणून भांडतेय?"

"हो," ताई म्हणाली, "आणि तुमची किल्ली काही केल्या खिशातून बाहेर यायला तयार नाही."

पहिल्यांदा हसल्या त्या अधीक्षकबाईच. इतक्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग गंभीर झाल्या. "आज माझ्याकडे पासवर्ड असता, तर मी तो दिला असता. रागाच्या भरात तीनदा दिला असता. सगळ्या रुग्णांचे कागद त्याच्या हातात गेले असते. पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

ठेवायचं की काढायचं यावर मतदान घ्यायला कुणी थांबलंच नाही; ताईचं सॉफ्टवेअर कायमचं राहिलं. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि मी प्रयोगशाळेतला पगारी माणूस, बैठकीत चक्क टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. ताई मात्र तिथेच उभी राहून लहान मुलीसारखी रडत होती आणि हसत होती.

बाईंनी फोन उचलला आणि पलीकडच्या इस्पितळाच्या अधीक्षकांना लावला. "वेळापत्रकाची मेल आली असेल तर उघडू नका. उघडलीत? पासवर्ड दिलात? अरेरे. बरं, आधी तो बदला. आणि मग लिहून घ्या, आमच्याकडे एक मुलगी आहे, तिचा नंबर देते."