एवढं बदललं की झालं

कवळ्या बनवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात सगळे त्याला खर्ज म्हणत. त्याच्या आवाजाशी या नावाचा काही संबंध नव्हता. त्याचा आवाज इतका पातळ होता की फोनवर लोक त्याला ताई म्हणून मोकळे होत. नाव पडलं ते बास गिटारमुळे. चार जाड तारांचं हे वाद्य गाण्यात असलं तर कुणाला ऐकू येत नाही आणि नसलं तर गाणं पोकळ वाटतं, असं तो डबा खाताना सगळ्यांना समजावून सांगे. सगळे मान डोलावत आणि मनात म्हणत, ऐकूच येत नाही तर एवढा खटाटोप कशाला?

कामात मात्र खर्जाचा हात धरणारा कुणी नव्हता. मेणाचा साचा, प्लास्टर, हिरडीच्या रंगाचं ते गुलाबी प्लास्टिक, सगळं त्याच्या बोटांना पाठ होतं. नवीन माणूस कामावर आला की खर्ज त्याला पहिल्याच दिवशी बजावे, "बसलेल्या कवळीला पुन्हा कानस लावायची नाही. पेशंट म्हणाला बरं वाटतंय, की उठायचं आणि हात धुवायचे. आणखी बरं करायला गेलास की संपलं." नियम सोळा आणे खरा होता. फक्त घरी जाताना खर्ज तो अ‍ॅप्रनबरोबर तिथेच खुंटीला टांगून जाई.

पहिला बास त्याने घेतला तेव्हा त्याची लेक शाळेत होती. जुन्या वाद्यांच्या दुकानात तो सहज शिरला होता, बायको दाराशी पिशव्या सांभाळत उभी होती. दुकानदाराने भिंतीवरचा एक काळा बास काढून त्याच्या हातात दिला. खर्जाने सगळ्यात जाड तार अंगठ्याने छेडली आणि जागच्या जागी खलास झाला. आवाज जड होता, गोल होता, थोडा झोपाळू होता. शेजारच्या खोलीत कुणी भरलेलं पिंप हळूच सरकवावं तसा. दारातून बायकोसुद्धा म्हणाली, "हा छान आहे हो." प्रेम जडलं म्हणतात ते हेच.

प्रेमात पडलेला माणूस काय करतो? खर्जाने घरी येऊन स्क्रूड्रायव्हर काढला.

आधी त्याला तारा पिळायच्या खुंट्या जरा डगमगत्या वाटल्या. एवढं बदललं की झालं, असं म्हणून त्याने चकचकीत नव्या बसवल्या. मग तारांखालचं ते लोहचुंबक, ज्याला पिकअप म्हणतात आणि ज्यातून आवाज बाहेर जातो, ते जुनाट वाटलं. तेही बदललं. मग तारा ज्याच्यावर टेकतात तो खालचा ब्रिज हलका वाटला, म्हणून भारी वजनाचा आणला. आतली पोकळी तांब्याच्या पत्र्याने मढवली. जुन्या मळकट तारा काढून नव्या कोऱ्या चढवल्या आणि पुढे त्याही मळल्या तेव्हा बायकोच्या दुधाच्या पातेल्यात उकळल्या. तारा अशाच साफ करतात, हे जगभरच्या बासवाल्यांना माहीत आहे. बायकोला माहीत नव्हतं. ते पातेलं त्या दिवसापासून खर्जाचं झालं.

आणि प्रत्येक बदलानंतर तो तीच परीक्षा घेई. एका गाण्याची सुरुवातीची ओळ वाजवायची, थांबायचं, मान तिरकी करून ऐकायचं, मग भुवया आकसायच्या. दुकानातला तो आवाज येत नसे. काहीतरी कमी पडतंय हे उघडच होतं. म्हणजे आणखी काहीतरी बदलायला हवं, हेही त्याच्या लेखी उघडच होतं.

पुढे पुढे त्याची खात्री झाली की मूळ बासच फसवा निघाला. मग दुसरा आला. मग तिसरा, कारण दुसऱ्याचं लाकूड चुकीचं होतं. "लाकूड म्हणजे निम्मा आवाज," असं तो आल्यागेल्याला ऐकवी. चौथ्याच्या मानेवरचे पडदे, म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्याने पकडीने उपटून काढले आणि खाचांमध्ये कारखान्यातलं गुलाबी प्लास्टिक भरलं. काम इतकं सफाईदार झालं की तो बास आता हसेल की काय असं वाटे. वाजवायला मात्र तो चवताळलेल्या मांजरासारखा होता.

त्याचा एक मित्र होता, चष्म्याच्या दुकानात बसणारा. तो ड्रम वाजवी. खर्जाबरोबर बँड करायचा म्हणून त्याने हौसेने ड्रम घेतले होते. "जरा थांब, माझा बास एकदा मनासारखा होऊ दे," असं खर्ज म्हणाला आणि मित्र थांबला. थांबता थांबता त्याचे केस पांढरे झाले आणि ड्रमवर घरचे लोक कपडे वाळत घालू लागले.

या सगळ्यात काढलेले जुने भाग टाकवत नव्हते. डब्यात ठेवले तर स्क्रू हरवत. त्यावर खर्जाने नामी युक्ती काढली. दुरुस्तीच्या दुकानातून त्याने भंगारातला एक बास उचलून आणला. प्लायवुडचा, कोपरा उडालेला, अंगावर कुणीतरी बदकांची स्टिकरं चिकटवलेला. पहिल्या बासचा जो भाग निघेल तो याच्यावर नीट बसवून ठेवायचा, म्हणजे स्क्रूही आपापल्या जागी राहतात. पिकअपच्या वायरी मोकळ्या राहिल्या तर तुटतात म्हणून त्याने त्या डाख देऊन जोडूनही ठेवल्या. जुन्या तारांना पीळ पडू नये म्हणून त्याही याच्यावरच चढवल्या. तो बास दाराच्या मागे लटकत राहिला. त्याला कधी कुणी वाद्य म्हटलं नाही.

खर्जाची बायको घरीच कपडे अल्टर करून द्यायची. तिचं शिलाई मशीन बोळकंडीत होतं आणि मागची खोली बासना होती. यावर ती फारसं बोलत नसे. मग एक दिवस लेकीचा फोन आला. जावयाची बदली लांब झाली होती, घर मिळेपर्यंत ती तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी येणार होती.

फोन ठेवून बायको खोलीच्या दारात उभी राहिली. "अहो, इथे पाळणा लागेल."

"लागेल की," खर्ज म्हणाला. "ह्यांना जरा भिंतीकडे सरकवतो."

"सरकवू नका. एक ठेवा. बाकीचे ज्यांना हवेत त्यांना देऊन टाका."

"एक? कुठला एक?"

"ते मी कसं सांगू? आयुष्य तुम्ही घातलंत त्यात."

खर्जाला जेवण गोड लागेना. एक ठेवायचा म्हणजे बाकीचे चुकले होते हे मान्य करायचं. आणि नेमका चुकीचा ठेवला तर? तो आवाज पुन्हा मिळण्याची उरलीसुरली आशाही घराबाहेर जायची. कारखान्यात त्याने एका कवळीला वरचे दात खाली बसवले, तेव्हा सगळ्यांनाच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शेवटी तोडगा काढला चष्मेवाल्या मित्राने. "तू डोळ्यांनी ऐकतोस, ही तुझी अडचण आहे. पाठ करून बस. वहिनी वाजवतील. जो आवडेल तो ठेव."

रविवारी दुपारी खर्ज स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसला. मागे बायको तिच्या शिवणाच्या स्टुलावर बास मांडीवर घेऊन बसली. चष्मेवाला पंच होता आणि प्रत्येक बासची वायर स्पीकरला जोडायचं कामही त्याच्याकडेच होतं.

"सगळ्यात जाड तार," खर्ज भिंतीला म्हणाला. "अंगठ्याने. सावकाश. जोर लावू नकोस."

"सावकाश म्हणजे काय ते मला माहीत आहे. सॅटिन शिवते मी."

पहिला बास वाजला. खर्जाने नाक मुरडलं. "थंड. काचेचा ग्लास वाजवल्यासारखा. पुढचा."

दुसरा वाजला. "नाकात बोलतोय."

तिसरा वाजला. "हा बरा आहे. पण पोटात ताकद नाही."

बायकोने चष्मेवाल्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली आणि तिने तोच बास पुन्हा वाजवला.

"हा बघ!" खर्ज उसळला. "याला म्हणतात पोट! आत्ताच्या त्या मरतुकड्याला आणि याला काही तुलना आहे का?" चष्मेवाल्याने रुमाल तोंडात कोंबला.

गुलाबी रेषांचा वाजून झाला, बाकीचे वाजून झाले आणि बायकोची नजर दारामागे गेली. एवढे झालेच आहेत तर हाही होऊन जाऊ दे, असा तिचा साधा हिशेब. चष्मेवाल्याने मोबाइलमध्ये बघत खुंट्या पिळून सूर लावला. बायकोने बदकांवरची धूळ पदराने पुसली आणि तार छेडली.

खर्जाची मान आपोआप तिरकी झाली.

बायकोला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा छेडली. जड, गोल, थोडा झोपाळू आवाज स्वयंपाकघरभर पसरला.

"आणखी एकदा," खर्ज म्हणाला. "हाच. हाच तो. पहिला काळा आहे ना? म्हणजे सुधारला शेवटी! मी म्हणत नव्हतो, लाकूड म्हणजे..."

तो वळला. बायकोच्या मांडीवरून बदकं त्याच्याकडे बघत होती.

चष्मेवाल्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. खर्ज उठला आणि त्याने वाकून एकेक भाग बोटाने चाचपला. पिकअप पहिल्या काळ्या बासचं. ब्रिज त्याचाच. खुंट्या त्याच्याच. तारासुद्धा त्याच, दुकानातून आल्या तशा मळकट. "मीच काढलंय हे सगळं," तो म्हणाला. "एकेक करून मीच काढून इथे टांगलंय." लाज त्याच्या कानापर्यंत चढली होती. जे आवडलं तेच त्याने इतकी वर्षं मन लावून उचकटलं होतं, आणि वर त्यालाच फसवा म्हटलं होतं.

बाकीचे बास गेले. पहिला काळाही गेला. घेणारा म्हणाला, काय झकास काम केलंय हो याच्यावर, आणि खर्जाने मान खाली घातली. खोलीत पाळणा आला. बदकवाला बास बोळकंडीत, मशीनशेजारच्या खिळ्यावर आला.

लेक यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, खर्जाने तो मांडीवर घेतला. निरखून पाहिला. मग त्याचा हात सवयीने खिशात गेला.

"ही खुंटी जरा सैल वाटतेय," तो पुटपुटला. "एवढं बदललं की..."

बायकोने मशीन थांबवून हात पुढे केला. खर्जाने स्क्रूड्रायव्हर तिच्या तळहातावर ठेवला. तो मशीनच्या खणात गेला आणि खण बंद झाला.

"पेशंट काय म्हणतोय?" तिने विचारलं.

खर्ज खुंटीकडे बघत म्हणाला, "बरं वाटतंय म्हणतो."

"मग हात धुवा."

तो हसला. मग त्याने ती नेहमीची सुरुवातीची ओळ वाजवली. सुरेख वाजली. ती संपली तसा तो थांबला, मान तिरकी करून ऐकू लागला, पण आकसायला भुवयांना काही निमित्त मिळेना.

"पुढे?" बायकोने विचारलं.

"पुढे काय?"

"अहो, लेक शाळेत होती तेव्हापासून मी एवढंच ऐकतेय. ते गाणं पुढे कसं जातं?"

खर्जाने बासकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुठे काही सैल दिसेना, कुठे काही कमी दिसेना.

"पुढचं मला वाजवता येत नाही," तो म्हणाला. वाजवण्यातला दोष वाद्यावर न ढकलण्याची ही त्याची इतक्या वर्षांतली पहिलीच वेळ होती.

बायकोने काहीच आश्चर्य दाखवलं नाही. तिने सुईत दोरा ओवला, कापड नीट लावून घेतलं आणि मशीन सावकाश चालू केलं.

"मग चुकत चुकत वाजवा," ती म्हणाली. "मी इथेच आहे."