मार्कोनीचाचा आणि भिंतीपलीकडचं वायरलेस

आरे-वारेच्या रस्त्याला, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या मोहल्ल्यात मजीद मुकादम यांचं घर आहे. त्यांना मजीद म्हणणारा आता फक्त पोस्टमन. बाकी सगळ्यांचे ते मार्कोनीचाचा. अठ्ठावीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर वायरलेस सांभाळत होते, आणि जहाजावर वायरलेसवाल्याला मार्कोनीच म्हणतात.

चाचांचं काम ऐकण्याचं. कानाला हेडफोन, समोर घड्याळ, हाताखाली लॉगबुक. दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं, दर्यावरची सगळी जहाजं आपलं बोलणं थांबवीत आणि कुणी बुडत असेल तर त्याची हाक ऐकत. एवढ्या मोठ्या पाण्यावर एवढी शांतता चाचांनी पुन्हा कुठे ऐकली नाही. मशिदीतही नाही, तिथे कुणीतरी खोकतंच. चालू रिसीव्हर बंद करायचा नाही आणि लॉगमध्ये खोटं लिहायचं नाही, हे दोन नियम त्यांनी नमाजाइतके पाळले. मग नव्व्याण्णव साली जहाजांवर उपग्रहाचं यंत्र आलं. कंपनीनं चाचांना एक शाल देऊन घरी पाठवलं. रत्नागिरीच्या हवेत शाल कधी पांघरायची, हे कंपनीला विचारायचं राहून गेलं.

पुढची नऊ वर्षं चाचांनी आंब्याची कलमं राखली. मोहल्ल्यात वायरलेस असं काही नव्हतंच.

दोन हजार आठ साली ते शेजारच्या घरात आलं. शेजारची फरीदा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा जुनेद कुवेतला. त्यानं लॅपटॉप पाठवला, घरच्या टेलिफोनवर इंटरनेट घेऊन दिलं, आणि बिनतारी चालण्यासाठी दोन शिंगांचा एक डबा बसवून घेतला. शुक्रवारी मुलगी झाली. पुढच्या शुक्रवारी अकिका. बाळाचे केस उतरायचे आणि नाव ठेवायचं. सुट्टी मिळत नव्हती, पण अकरा वाजता अर्धा तास जुनेदला साहेबानं मोकळा दिला होता. लेकीचं नाव बापाच्या तोंडून पडावं आणि त्यानं तिला डोळ्यांनी बघावं, एवढंच फरीदाला हवं होतं.

आणि ते इंटरनेट टिकेना. जुनेदचं तोंड पडद्यावर यायचं, “बाळाला जरा इकडे—” म्हणायचं आणि उघडंच राहायचं. कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास.

रत्नागिरीहून विनीत नावाचा कॉम्प्युटरवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तो असेपर्यंत इंटरनेट एकदाही गेलं नाही. बघायला अर्धा मोहल्ला जमला होता. चाचांची बायको जुलेखाचाची तर खुर्ची घेऊन पुढे बसली होती. विनीतनं सरबत घेतलं आणि म्हणाला, “सगळं ओके आहे.” तो फाटकाबाहेर पडला, माणसं घरोघर गेली, आणि दहा मिनिटांत इंटरनेटही गेलं.

मंगळवारी फरीदाची आई चाचांकडे आली. “भाईजान, तुम्ही वायरलेसचे. बघा ना जरा.”

“त्यांना टीव्हीचा रिमोट जमत नाय,” जुलेखाचाची म्हणाली.

“रिमोट वायरलेस नाय,” चाचा म्हणाले, आणि कोरी वही घेऊन शेजारी गेले.

त्यांनी कशालाच हात लावला नाही. डब्यासमोर स्टूल टाकून बसले आणि लिहू लागले. वेळ. गेलं की आलं. शेरा. फरीदानं विचारलं, “चाचा, काही करणार नाय?”

“करतोय.”

“काय करताय?”

“ऐकतोय.”

मंगळवार गेला, बुधवार गेला. मोहल्ल्यात बातमी झाली की मार्कोनीचाचा डब्यासमोर बसून त्याला वही दाखवतात. चाचांनी तेही ऐकलं; पण ते आपल्या कामाचं नसल्यामुळे लिहिलं नाही.

गुरुवारी दुपारी त्यांनी वही पहिल्यापासून वाचली. एकोणीसदा गेलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात वारा होता, वीज होती, कोंबडी आत आली होती. आणि एकोणीसपैकी सतरा ठिकाणी त्यांच्याच अक्षरात होतं: ‘भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज.’

दोन घरांमध्ये भिंत एकच, जांभ्या चिऱ्याची. अलीकडे फळीवर दोन शिंगांचा डबा. पलीकडे, नेमक्या त्याच उंचीवर, चाचांचा कॉर्डलेस फोन. जहाजावर असलेल्या मुलानं, अद्नाननं, दुबईहून आणलेला, अंगणात नेला तरी बोलता येणारा. त्यावर जुलेखाचाची नाटे गावच्या बहिणीशी बोलायची आणि हसायची. दोन्ही यंत्रं हवेतल्या एकाच पट्टीवर बोलत होती. विनीत आला तेव्हा चाची खुर्चीवर होती, म्हणून फोन गप्प होता.

दोष आपल्या घरातला. चाचांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं, आणि लिहिलं: ‘व्यत्ययाचं ठिकाण: मु. पो. माझं घर.’

घरी येऊन त्यांनी चाचीला सांगितलं, “उद्या अकरा ते साडेअकरा फोन काढून ठेवायचा.”

चाचीच्या हातातली सुरी थांबली. “उद्या? अद्नानचं जहाज उद्या बंदराला लागतंय. तेवीस दिवस पोराचा आवाज नाय. सकाळचाच करीन म्हणालाय.”

“तो मागनं करील.”

“आणि मागनं त्याला उतरायलाच मिळालं नाय तर? जुनेदनं लेक बघावी नि मी माझ्या पोराचा आवाजही ऐकू नये?”

चाचांनी वही चाळून बघितली. तिच्यात याचा रकाना नव्हता.

शुक्रवारी शेजारी माणसं जमली. अकराला पाच कमी असताना चाचा फोनसमोर उभे राहिले. प्लगपर्यंत हात गेला आणि तिथेच राहिला. अठ्ठावीस वर्षांत चालू रिसीव्हर त्यांनी बंद केला नव्हता. आणि या रिसीव्हरवर हाक येणार होती ती स्वतःच्या मुलाची.

चाची नवी साडी नेसून बाहेर आली. तिनं हाताकडे बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

“व्हा बाजूला,” ती म्हणाली. तिनं प्लग ओढून काढला, पदर सारखा केला आणि शेजारी निघून गेली.

चाचा गेले नाहीत. मेलेल्या फोनपाशी खुर्ची घेऊन बसले. भिंतीपलीकडे वस्तऱ्याची खरखर ऐकू येत नव्हती, पण बाळाचं रडणं येत होतं. मग त्या रडण्यावर जुनेदचा आवाज आला, कुवेतहून, कुठेही न तुटता: “अलिझा. ए अलिझा, इकडे बघ गं.” फरीदा हसली की रडली, ते चिऱ्यातून नीट कळलं नाही. साडेअकरापर्यंत आवाज एकदाही गेला नाही. एकतिसाव्या मिनिटाला चाचांनी प्लग लावला.

फोन वाजला नाही. चाची मटणाचा डबा घेऊन परतली. दुपारची जेवणं झाली, असरची नमाज झाली. नमाजापुरते उठले तेवढेच, एरवी चाचा फोनपासून हलले नाहीत.

पावणेपाचला फोन वाजला.

“अम्मा, सकाळी दोनदा केला! लागतच नव्हता!”

“तुझ्या बापाला विचार,” चाची म्हणाली, पण फोन बापाला दिला नाही. जेवतोस काय, झोपतोस काय, वजन किती, तिथे पाऊस आहे काय, असं ती विचारत राहिली, आणि कशावर तरी हसली. भिंतीपलीकडून फरीदाची हाक आली, “चाचा, गेलं हो परत!”

चाचा उठायला लागले. चाचीनं त्यांना हातानं खाली बसवलं, फोनवर तळवा धरला आणि भिंतीकडे तोंड करून ओरडली,

“येईल गं! अर्ध्या तासानं!”