मोठी झालीस की वाच

हातातला चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा माझ्या मावसभावाला असा ठसका लागला की चहा नाकातून बाहेर! आणि सगळी चूक कोणाची? माझी. उगाच दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत ग्रंथपाल आहे. शिकले मात्र लांब. शाळा डोंगरातल्या वसतिगृहात, ग्रंथालयशास्त्र परदेशात. परत आले ती ठरवूनच, की आपल्या मुलांना वाचायला लावायचं. विमानातून उतरताना वाटत होतं, अख्खं उपनगर पुस्तकांसाठी ताटकळत उभं आहे. प्रत्यक्षात वाचनालयात ताटकळत उभा होता स्नेहसंमेलनाचा पुठ्ठ्याचा हत्ती!

मुख्याध्यापिका कदमबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "हे बघ, संस्थेला ही खोली सामान ठेवायला हवीय. दिवाळीनंतर चिटणीस येणार. मुलं वाचतात हे त्यांना दाखव. नाही दाखवलंस, तर खोली हत्तीची."

मी पेटले! आठवडाभर ऑनलाइन वाचनाचं जे जे ॲप सापडलं ते वापरून पाहिलं. एकात प्रश्नमंजूषा होती, एकात बोलणारं घुबड होतं, एक तर माझंच नाव विसरायचं. शेवटी एक आवडलं. प्रत्येक मुलाला आपलं पान, त्यावर पुस्तकाबद्दल लिहायचं, मी उत्तर द्यायचं आणि तारे द्यायचे. नाव ठेवलं 'वाचनभिंत'. नोंदणी घरच्या फोनवरून.

शिवाय एक नियम केला. 'पुस्तक खरंच वाचलंस का?' असं मुलाला तोंडावर कधीही विचारायचं नाही. वाचन म्हणजे काय तोंडी परीक्षा आहे? हा नियम मी सुवाच्य अक्षरात लिहून दारावर लावला. लक्षात ठेवा हं तो नियम. त्यानेच माझी वाट लावली.

तीन आठवडे भिंत जवळजवळ कोरी. 'छान आहे', 'मस्त', आणि अंगठे. मग एक दिवस उगवली सानिका सावंत, सातवी ब. भांडुपहून येणारी, कबड्डीची कप्तान. वाचनालयात यायची, चिठ्ठी बघून पुस्तक उचलायची, आणि पळ! पण भिंतीवर? अहो, काय लिहायची! 'या लेखकाने कधी मासे चिरलेले नाहीत. सुरमई अशी कापत नाहीत.' बारा वर्षांची मुलगी! मी पाच तारे दिले आणि लिहिलं, 'शाब्बास बाळा! शुद्धलेखन मात्र थोडं सुधार हं.'

नोंदी यायच्या सकाळी अकराला. म्हणजे भर वर्गात! माझे डोळे पाणावले. मुलगी गणिताच्या तासाला बाकाखाली फोन लपवून साहित्यावर लिहितेय! मी गणिताच्या सरांना गाठून म्हटलं, "सानिकाकडे कधी फोन दिसला तर कानाडोळा करा." ते म्हणाले, "तिच्याकडे फोनच नाहीये." मी मनात म्हटलं, किती शिताफीने लपवते!

मग आलं, 'गुडघे फार दुखतात, आज पाचच पानं झाली.' मी धावत खेळाच्या सरांकडे. सानिकाचा सराव बंद! ती तणतणत आली. "बाई, माझे गुडघे ठणठणीत आहेत ओ!"

"लपवू नकोस बाळा," मी म्हटलं. "मला सगळं कळतं."

पुढच्या आठवड्यात, 'डोळ्यांत औषध घातलंय, बारीक टाईप दिसत नाही.' मी तिला उचलून पहिल्या बाकावर बसवलं. बिचारी मैत्रिणींपासून तुटली. माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच चढाईला आलेय.

आणि मग ती ऐतिहासिक नोंद, 'सुनेला सांगून थकले, चहात साखर कमी घाल म्हणून. या गोष्टीतल्या सासूचं बरोबर आहे.' इथे तरी डोक्यात प्रकाश पडावा ना? नाही! मी वर्गमित्रांना परदेशात कळवलं की माझी विद्यार्थिनी थेट पात्रात शिरून लिहितेय!

आमचे शिपाई तावडेमामा पोट धरून हसले. "बाई, एकदा त्या पोरीला विचारा तरी."

मी दारावरच्या नियमाकडे बोट दाखवलं.

एकदा भिंतीवर तिने वरच्या कपाटातली एक जाडजूड कादंबरी मागितली. मी मायेने उत्तर लिहिलं, 'बाळा, ते मोठ्यांचं पुस्तक आहे. मोठी झालीस की वाच.'

पलीकडून फक्त आलं, 'बरं. वाट बघते.'

चिटणीस आले. हॉल भरलेला, पालक खुर्च्यांवर. पडद्यावर सानिकाचं पान, तेवीस पुस्तकं, ताऱ्यांचा नुसता सडा. मी तिला मंचावर बोलावलं. कदमबाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. हत्ती हरला होता!

चिटणिसांनी कौतुकाने विचारलं, "बाळ, यातली तुला आवडलेली गोष्ट सांग. सुरुवात कशी आहे?"

सानिका म्हणाली, "सर, सुरुवात नाही माहीत. शेवट सांगू?"

"सुरुवात का नाही माहीत?"

"सुरुवात आजी वाचते ना!"

चिटणिसांनी माझ्याकडे बघितलं. सानिका सांगतच सुटली.

"आई-पप्पा फोन घेऊन कामावर जातात. घरी फोन आजीचाच. भिंतीवर आजीच लिहिते." मग माझ्याकडे वळून, सगळा जुना राग काढत, "गुडघे पण आजीचेच दुखतात, बाई!"

मागे तावडेमामांचा हसण्याचा स्फोट झाला. मी पडद्याकडे बघितलं. तिथे मीच दिलेलं उत्तर होतं, 'शाब्बास बाळा, रात्री दूध पिऊन झोप.'

चिटणीस कदमबाईंना म्हणाले, "म्हणजे मुलं वाचत नाहीतच."

गेली खोली. संपलं! तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक काटकुळी आजी खुर्चीला धरून उठली. "ओ सायबानु, जरा थांबा. रोज जेवताना मी तिका गोष्ट सांगतंय. शेवट सांगणंय नाय. तो तिका वाचूक लागता. इचारा, तेवीसचे तेवीस इचारा!"

चिटणिसांनी विचारले. सानिकाने कमरेवर हात ठेवून एकेक शेवट असा फेकला की सहावा ऐकून ते म्हणाले, "पुरे! आता मीही ही पुस्तकं काय वाचणार?" मग हसले. "ठीक आहे. वर्ष संपेपर्यंत खोली राहू दे. पण पुढच्या वेळी मला सुरुवात सांगणारी मुलंसुद्धा हवीत."

मिळतील! मी तेव्हाच ठरवलं. दुसऱ्या दिवशी सानिकाचा सराव सुरू केला, तिचा बाक परत दिला, माफी मागितली. दारावरचा नियम काढून तिथे लिहिलं, 'घरच्या मोठ्यांनीही यावं.'

पहिली आली कोण? आजीच. माझ्या टेबलासमोर बसून तिने वरच्या कपाटाकडे बोट केलं. "गो बाय, आता झालंय मा मी मोठी? बहात्तर पुरी झाली."

मी लाजेने लाल. स्टूलवर चढून ती कादंबरी काढली, धूळ झटकली, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

आजीने चष्म्यातून माझ्याकडे रोखून बघितलं. "तुया वाचलंस काय ह्या?"

आता खोटं काय बोलणार? "नाही आजी. कोणीतरी म्हणालं होतं, मोठ्यांचं आहे म्हणून…"

आजीने कादंबरी पिशवीत टाकली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मगे आधी मी वाचतंय. तुझ्या वयाक बरा असा काय ता बघतंय, आणि मगे तुका देतंय हां, बाळा."