माणशी दोन मुठी

माझ्या थोरल्या जावेनं सांभाळलेल्या लग्नघरात भात कधी उरला नाही आणि कधी कमी पडला नाही. हे वाक्य मी सासरी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. मी पेणची. लग्न होऊन रोह्याकडच्या खांब फाट्यापासून आत असलेल्या या गावात आले, तर पहिल्याच आठवड्यात सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "थोरलीच्या हातून शीत वाया जाईल तर शपथ!" मी तेव्हा शेजारीच चुलीवरून भाताचं पातेलं उतरवत होते. त्यात आठ माणसांना पुरेल एवढा भात होता. जेवणारे आम्ही पाच.

माझ्या माहेरी उरलेलं चालायचं, कमी पडलेलं नाही. त्यामुळे माझा हात नेहमी सढळ पडे आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात ठरलेला. नवरा ताटावर बसताना हसून विचारायचा, "आजचा की कालचा?" मलाही हसू यायचं, पण पोटात दुखायचं. कारण तोच नवरा वहिनीच्या हातचं जेवून आला की म्हणायचा, "एक घास इकडे नाय, एक घास तिकडे नाय. काय अंदाज हाय!"

अंदाज बिंदाज काही नव्हता. बाई घरोघर फिरायची, बस. गावात कुणाचंही लग्न असो, आदल्या दिवशी जाऊबाई टोपली घेऊन निघायची. दारात उभी राहून विचारायची, "उद्या कोण कोण जेवणार?" आणि जेवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं दोन मुठी तांदूळ टोपलीत टाकायचे. एक मूठ भाताची, दुसरी पुन्हा वाढून घ्यायची. नांगरावरच्या गड्याची मूठ मोठी, म्हातारीची लहान, दोन वर्षांच्या पोराची तर चिमूटच. ज्याचा उपास असेल त्यानं टाकायचे नाहीत. ज्याला पाहुण्यांकडे जायचं असेल त्यानंही नाहीत. टोपली भरली की लग्नघरी ओतायची आणि पुढच्या आळीला. तेवढेच तांदूळ शिजायचे. बाहेरगावचे पाहुणे ज्या घरी उतरणार, त्या घरच्या बाईनं त्यांच्या नावाच्या मुठी टाकायच्या.

आता यात असं काय मोठं? मी स्वतःला रोज हेच विचारायची. जमलं असतं मलाही. पण मला कुणी टोपली दिली नाही, आणि मागायची तर माझी जीभ उचलेना.

मग तिच्याच मुलीचं लग्न निघालं, वैशाखात. माझ्या माहेरची चाळीस माणसं टेम्पो करून येणार होती. आठ दिवस आधी माझा भाऊ एसटीनं आला आणि म्हणाला, "ताई, त्याच दिवशी आपल्याकडेही एक कार्य निघालंय. आम्ही पाचच येऊ. तेवढं सांग घरात." मी म्हटलं, सांगते.

सांगितलं नाही.

आदल्या दिवशी जाऊबाई टोपली घेऊन माझ्या दारात आली. घामानं निथळलेली, कपाळावरचं कुंकू पसरलेलं, आणि तरी हसत होती. "पेणवाले किती गो?"

"चाळीस," मी म्हटलं, आणि टाकायला लागले. दोन, चार, सहा. हात भरून आले तरी थांबले नाही. मला ठाऊक होतं मी काय करतेय. मला एकदा, फक्त एकदा, तिच्या मांडवात उरलेला भात बघायचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी तर ऐंशी झाकून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी शेवटची पंगत उठली तेव्हा एक अख्खं पातेलं तसंच उरलं होतं. भावकीतले म्हातारे पातेल्याभोवती उभे राहिले. कुणी रागावलं नाही. एकानं नुसतं म्हटलं, "थोरलीच्या घरात उरला?" जाऊबाईनं पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माजाच अंदाज चुकला."

मुलीची पाठवणी झाली. डोळे पुसून होतात न होतात तोच तिनं नव्या लुगड्याचा पदर खोचला. अर्धा भात ऊन असतानाच डोंगराकडच्या वाडीवर पाठवला आणि उरलेल्यापुढे बसली. वैशाखातला भात, संध्याकाळपर्यंत आंबला असता. मला हाक मारली, "तू पेणची. सांडगे येतात ना तुला? दाखव गो." मी मीठ-जिरं-मिरची घालून भात मळला, तिनं माझ्या हाताकडे बघून बघून सांडगे घातले. अंगण भरलं. त्या दुपारी मी तिची गुरू होते आणि मान वर करून तिच्याकडे बघू शकत नव्हते.

पुढच्या लग्नाला भावकीनं रोह्याहून केटरिंगवाला आणला. "थोरलीचं आता वय झालं," असं ठरलं. तिची चाळिशीसुद्धा उलटली नव्हती. मांडवामागं पत्रावळींचा ढीग पडला, त्यात भात, जिलब्या, अख्खे लाडू. कुत्री खाऊन खाऊन कंटाळली. जाऊबाई ढिगाजवळ जरा वेळ उभी राहिली आणि घरी गेली. मी जिंकले होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हेही सांगून टाकते.

त्यानंतर गावात कुणी कुणाला विचारलं नाही, उद्या जेवणार का. आता हॉलमध्ये पाटी असते, अन्न वाया घालवू नका. पाटी लावायला घरोघर फिरावं लागत नाही.

मागच्या वर्षी वडखळच्या एका हॉलमधून लग्न जेवून आम्ही दोघी रिक्षानं परतत होतो. शेजारी जेवणाऱ्या मुलीनं भरलेली प्लेट उष्ट्याच्या टबात सोडलेली दोघींनी बघितली होती. रस्त्यात मला राहवलं नाही. पंचवीस-तीस वर्षांचं सगळं ओकून टाकलं. पाच माणसं, चाळीस माणसं, ऐंशी मुठी.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुझा भाऊ जेवून उठला नि मला म्हणाला, ताईला आठ दिवसांमागं सांगितलं व्हतं, माणसं कमी आली म्हणून रागावू नका."

म्हणजे पातेल्यात बघितलं, तेव्हा तिला माहीत होतं. "मग चारचौघांत बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुला त्याच घरात राह्याचं व्हतं ना पुढं." आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "सावकाश घे रे, खड्डे हायेत."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला तिचा हेवा वाटला, तोच जुना, नवी नवरी असतानाचा. तिनं मला तेव्हाच माफ करून टाकलं होतं, न मागता, न सांगता. त्यातही ती माझ्या पुढेच होती.