कुंकवाची दुसरी रांग

आमच्या घरात भुताखेताचा विषय निघाला की आधी मीच हसतो. मागच्या पडवीत अंधारात एकटा जात नाही ते वेगळं... तिथे विंचू निघतात. तरी हे लिहितोय.

आम्ही मंचरचे. लेक शलाका पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मे महिन्यात ती प्रोजेक्टचा रोबो घेऊन घरी आली – तळहाताएवढा, चार पायांचा, पायांना पालीसारखं चिकटणारं रबर. भिंतीवर सरसर चढायचा. दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे नाही चढला, तर वर्ष गेलं. आणि रबर तेवढंच, जादा नाही.

"पप्पा, हात लावू नका," सांगून ती दुपारी झोपली.

आता आमच्याकडे नवीन ट्रॅक्टर आला तरी चाकांना हळद-कुंकू लागतं. मी चारही पायांना लावलं. सढळ हाताने.

चारला तिने उठून रोबो भिंतीला लावला. टपकन पडला. ब्रशने झटकला, परत पडला.

"धूळ बसली की हे पाय मेले, पप्पा." रडली असती तर बरं वाटलं असतं.

बॅटरी काढून तिने पर्समध्ये टाकली. रोबो टेबलावर ठेवून आम्ही ओसरीवर चहाला बसलो – ती, मी, बायको आणि मेहुणा बाळू.

"दाजी, नारळ न्हाई फोडला तुमी. रुसलं ते," बाळू म्हणाला. कुणी हसलं नाही.

चहा पिऊन आत गेलो, तर रोबो भिंतीवर. पार छताला टेकून. बॅटरी पर्समध्येच होती.

मी बाळूकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय? तुमच्या म्होरंच बसलो व्हतो की."

बायकोकडे पाहिलं. "शिडी तरी आहे का आपल्याकडे?"

शलाका मात्र माझ्याकडेच बघत होती.

टेबलावर स्टूल ठेवून बाळूने रोबो ओढला, तो रंगाचा पोपडा घेऊनच सुटला. दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे चढला. पोरगी पास. अजून फोनवर विचारते, "पप्पा, खरं सांगा, त्या दिवशी काय केलंत?"

तिला एक सांगितलेलं नाही. ती गेल्यावर मी भिंत पुसायला घेतली. कुंकवाचे ठिपके वर गेलेले – खाली गडद, वर जाता जाता फिकट. पायांचं कुंकू भिंतीला पुसत गेलं, समजू शकतो. पण शेजारी दुसरी रांग होती. वर गडद, खाली येईल तशी फिकट... आणि थेट कपाटाच्या मागे गेलेली.

रोबो तर वरच होता.

कपाट अजून सरकवलेलं नाही. बायकोला सांगितलंय, कंबर दुखते.