चौथ्या ठोक्याला हात वर

"बाबा, तुम्ही खाली सतरंजीवर बसा. फ्रेममध्ये तसं छान दिसतं."

हॉलमध्ये सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. गारखेड्यातल्या एका बंगल्यात वेबसिरीजवाल्यांनी ऑफिस थाटलं होतं. माझं एक गाणं त्यांना सिरीजमधी घ्यायचं होतं. त्याचा कागद करायला म्हणून मला बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, बूट घालून गेलो होतो.

आणि खाली बसलो. लपवत नाय. एकाहत्तर वर्षांचं वय, गुडघे करकरतेत, तरी बसलो. फोटो काढून झाले. मग प्रोड्यूसर खुर्चीतूनच म्हणला, "गा ना बाबा. जरा फील येऊ द्या."

गायलो. ढोलकी बी माझी मीच वाजवली. सून सोबत आली होती, ती भिंतीला टेकून उभी. तिला बस म्हणायचं बी कुणाला सुचलं नाय.

गाणं झाल्यावर इंग्रजी कागद पुढं आला. माझी शाळा चौथीत सुटली. मी कागद सुनेकडं दिला. प्रोड्यूसर म्हणला, "वाचायचं काय त्यात, नेहमीचंच आहे." ती वाचत राहिली. मग हळूच म्हणली, "मामा, ह्यात तुम्ही संगीतकार नाय. संगीत पारंपरिक लिहिलंय. तुमचं नाव संकलनात. गाणं गोळा करून आणणारे."

"मग संगीतकार कोण?"

तिनं लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाकडं बोट केलं. शेंडीवाणी केस बांधलेला, पस्तीस-चाळीसचा.

"अन् रॉयल्टी?"

"ती बी त्यांनाच. तुम्हाला एकदाच रक्कम. चालीवरचे सगळे हक्क कायमचे कंपनीला."

प्रोड्यूसर लई गोड बोलला. "बाबा, गैरसमज नको. शेवटच्या कडव्यात नाव येतं ते तुमचं कुठंय? ज्यांचं नाव आहे ते कधीच गेले. हे लोकांचं गाणं आहे. लोकांच्या गाण्याला मालक नसतो."

"मग ह्या साहेबांचं नाव कसं काय?"

"त्यांनी अरेंज केलंय ना!"

आता ते नाव कुणाचं, ते सांगतो. आमच्या गायन पार्टीत रीत होती, शेवटच्या कडव्यात शागीर्दानं वस्तादाचं नाव गुंफायचं. माझे वस्ताद छावणी भागातले. मला ढोलकी त्यांनी दिली, सूर त्यांनी दिला. ते गेल्यावर बी मी जी गाणी बांधली, त्या एकूणएक गाण्यांत नाव त्यांचंच घातलं. स्वतःचं नाव घालायची लाज वाटायची. जयंतीच्या स्टेजवर लोक इचारायचे, गाणं कुणाचं? मी म्हणायचो, वस्तादांचं. त्याचा मला गर्व होता. त्या दिवशी कळलं, ती जागा मी मोकळी ठेवली तर तिथं दुसरंच कुणी येऊन बसतं.

मग शेंडीवाल्यानं लॅपटॉपवर त्याचं गाणं लावलं. माझीच चाल. खाली नुसता धडधडाट. म्हणला, "बाबा, तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ठेका मधेच सुटत होता. दर चौथा ठोका मिस होत होता. मी फिक्स केला."

सगळे हसले.

मी म्हणलं, "भरला चौथा? हात गेला असता तुझा."

कुणालाच कळलं नाय. तवा मी उठलो, खुर्ची ओढली, बसलो. सांगितलं. मी वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या पॉवर प्रेसवर बावीस वर्षं काढली. पत्रा ठेव. सरळ कर. हात काढ. चौथ्याला प्रेस खाली येती. त्या वक्ताला तिथं हात नसला पायजे. शेजारच्या मशीनवरच्या माझ्या दोस्ताचा हात राहिला. तीन बोटं गेली. त्याच्यावर मी हे गाणं बांधलं, म्हणून चौथ्याला ढोलकीवरून हात वर. तीस वर्षं तसंच वाजवतो. "तुमच्या परंपरेत पॉवर प्रेस होती का?"

शेंडीवाल्यानं लॅपटॉपवरून हात काढला. त्याला कळलं. वाजवणाऱ्याचं तोंड मी ओळखतो. पण मान खाली घालून वायर गुंडाळत बसला. प्रोड्यूसरपेक्षा त्याचाच राग मला जास्त आहे.

प्रोड्यूसर म्हणला, "बरं, पाच हजार वाढवतो. ह्या वयात नाव घरोघरी पोचतंय, हे काय कमी आहे?"

"संगीतकार म्हणून नाव. रॉयल्टीत वाटा. नायतर चाल वापरायची नाय."

"रॉयल्टी म्हणजे काय, माहीत तरी आहे का बाबा?"

परत हसले.

"नाय माहीत. पण तुम्ही सोडत नाय म्हंजी भारी चीज असणार."

ढोलकी उचलली. सुनेला म्हणलं, चल पोरी.

बजाजनगरच्या घरी लेक माझ्यावर तापला. "आप्पा, नुसत्या नावापायी हातातलं घालवलं."

पुढं सिरीज आली. सुनेनं मोबाईलवर लावली. चाल माझीच. शेवटचं कडवं कापलेलं, म्हंजी वस्ताद बी गेले. चौथा ठोका भरलेला. संगीत पारंपरिक. तो दोस्त आता हयात नाय, पण मला वाटलं त्याची बोटं परत गेली. ह्या बारीला माझ्याच चालीत.

दुसऱ्या दिवशी कोर्टाजवळ एका वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी समजावलं, नाव ज्याची चाल त्याचं, अन् रॉयल्टीतला त्याचा वाटा एकदा पैसे देऊन तोडून टाकता येत नाय. पण कंपनी मोठी. वर्षं लागतील. वय बघा, म्हणल्या.

"तुम्ही तारीख लावा. वय मी बघतो."

नोटीस तयार झाली. मराठीत होती, म्हणून एकेका अक्षरावर बोट ठेवून मी स्वतः वाचली. माझ्या नावाआधी लिहिलं होतं, ज्येष्ठ लोककलावंत.

"हे खोडा."

"काका, आदरानं लिहिलंय."

"आदर नको. हुद्दा लिहा. संगीतकार."

"परत सगळं टाईप करावं लागेल. आज जाणार नाही मग नोटीस."

"उद्या जाऊ द्या. त्याबिगर माझी सही मिळायची नाय. त्यांना नाय, तुम्हाला बी नाय."